नेत्र-प्रश्नोत्तरे : डोळ्याला पाणी, अडथळा नळीत

प्रश्न : माझा मुलगा चार महिन्यांचा आहे. पंधरा दिवसांचा असल्यापासून उजव्या डोळ्यातून पाणी येतं, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात. मेडिकलमधून दोनदा थेंब आणले. तेवढ्यापुरता फरक पडतो. सासूबाई म्हणतात, आईचं दूध घाल, काजळ भर. ऑपरेशन लागेल का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : बहुधा नाही. डोळ्यातलं पाणी पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाशी असलेल्या दोन बारीक छिद्रांतून अश्रुपिशवीत जातं आणि तिथून हाडातल्या नळीतून नाकात उतरतं. काही बाळांच्या नळीच्या खालच्या तोंडाशी एक पातळ पडदा जन्मानंतरही शिल्लक राहतो. पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात. थेंबांनी जंतू मरतात, पडदा मात्र तसाच राहतो. म्हणून थेंब थांबले की पुन्हा चिपडं. शंभरातल्या जवळपास नव्वद बाळांचा हा पडदा वर्षाच्या आत आपोआप उघडतो.

त्याला हातभार लावायचा तो मसाजने. पण बऱ्याच घरी पापणीवरून नुसतं बोट फिरवतात, त्याचा काही उपयोग नाही. नखं कापा, हात साबणाने धुवा. करंगळीचं टोक डोळ्याचा आतला कोपरा आणि नाकाचं हाड यांच्या मधल्या खोबणीत टेका. आत हाडाकडे दाबा आणि दाब न सोडता नाकाच्या कडेने सुमारे एक सेंटिमीटर खाली ओढा. बोटाचं टोक किंचित पांढरं पडलं पाहिजे, एवढा दाब. एका वेळी दहा दाब, दिवसातून चार वेळा. दूध पाजायच्या वेळेला जोडून घेतलं की विसरत नाही. पहिल्या दाबाला पू वर आला तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून घ्या आणि मसाज चालू ठेवा. डोळा लाल झाला, चिपडं पिवळी-हिरवी झाली तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस अँटिबायोटिक थेंब.

दूध आणि काजळ दोन्ही नको. दुधावर जंतू पोसतात, आणि काजळ घालताना घरच्यांचं बोट डोळ्यात जातं ते वेगळंच.

वर्षाचा होईपर्यंत पाणी थांबलं नाही तर भूल देऊन नळीत बारीक सळई घालतात. काम काही मिनिटांचं असतं, पण फार उशीर केला तर यश कमी होतं. अंगणवाडीत बालकांची तपासणी करायला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही दाखवता येतं.

बाळ उजेडाकडे बघत नसेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. तिथे मसाज करत बसू नका. जन्मताच कोपऱ्यात निळसर गाठ असेल किंवा पहिल्या काही दिवसांत डोळ्यातून घट्ट पू वाहत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : आईचं वय 55. दोन वर्षांपासून डाव्या डोळ्यातून पाणी. मोतीबिंदूच्या शिबिरात डॉक्टरांनी कोपरा दाबला, पू आला. ‘लासूर आहे, आधी त्याचं ऑपरेशन’ म्हणून परत पाठवलं. मोतीबिंदू आधी का नाही? आणि वेचणी आटोपल्यावर केलं तर?
– एक वाचक, राळेगाव (जि. यवतमाळ)

उत्तर : परत पाठवलं ते बरोबरच केलं. लासूर म्हणजे नळी बुजून अश्रुपिशवीत पू साचणं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळा उघडला जातो. शेजारी पुवाची पिशवी असेल तर तो पू आत शिरून डोळाच जाऊ शकतो. म्हणून शिबिरात आधी कोपरा दाबून किंवा पिचकारीने सलाइन घालून नळी तपासतात. पाणी नाकातून घशात उतरलं, खारट लागलं, तर मार्ग मोकळा.

चाळिशीनंतर, त्यातही बायकांत, नळीच्या आतल्या अस्तराला सूज येऊन ती हळूहळू बुजते. प्रौढांत मसाजने ती उघडत नाही, थेंबांनीही नाही.

नुसतं पाणी येत असतं तर वेचणीपर्यंत थांबा म्हटलं असतं. पू येतो आहे, तेव्हा नको. पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) वाळक्या बोंडाची कडा किंवा तुरीचा खुंट बुबुळाला खरचटला, तर निरोगी डोळ्याची जखम एक-दोन दिवसांत भरते; पू असलेल्या डोळ्यात तिथेच व्रण होऊन बुबुळ पांढरं पडतं. शेतात जावंच लागलं तर चष्मा लावा, आणि खरचटलं तर त्याच दिवशी दाखवा. मेडिकलवाला देतो म्हणून स्टेरॉइडचे थेंब घालू नका.

ऑपरेशनचं नाव डीसीआर. नाकाच्या हाडात खिडकी पाडून पिशवी थेट नाकाशी जोडतात. बाहेरून केलं तर कोपऱ्याजवळ छोटा छेद येतो आणि टाके साधारण आठवड्याने निघतात. दुर्बिणीने नाकातून केलं तर छेदच नाही. मोठ्या माणसांत जागेवर भूल देऊनही होतं. आधी रक्तदाब आणि साखर तपासा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा; हाडातून रक्त जास्त येतं. नंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. पहिल्या दोन दिवसांत नाकातून लालसर पाणी येतं, घाबरू नका. प्रकृती अगदीच नाजूक असेल तर नुसती पिशवी काढतात. पू थांबतो, पाणी मात्र येत राहतं.

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा यवतमाळ, नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

मधेच कोपरा लाल होऊन टरारून सुजला, ठणका लागला, तर दाबू नका, सुईने फोडू नका. तसं फोडलं की कातडीवर कायमचं वाहतं तोंड पडतं. शेक आणि डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिक गोळ्या, मग सूज उतरल्यावर डीसीआर.

प्रश्न : भाच्याच्या (वय 17) डोळ्यातून लालसर पाणी येतं, कोपऱ्यात मऊ गाठ आहे, नाकातूनही मधूनमधून रक्त. रोज गावतळ्यात आंघोळ करतो. हाही लासूरच का?
– एक वाचक, लाखांदूर (जि. भंडारा)

उत्तर : तसं धरून चालू नका. तळ्याच्या पाण्यातून होणारा रायनोस्पोरिडिओसिस नावाचा आजार छत्तीसगडात बराच दिसतो. तुमचा भाग तिथून फार लांब नाही. नाकात किंवा अश्रुपिशवीत लालसर, सहज रक्त येणारी वाढ होते. यात डीसीआर करत नाहीत, पिशवीच पूर्ण काढतात. थोडी राहिली तर पुन्हा वाढते. तळ्यातली आंघोळ आजपासून बंद करा. नेत्रतज्ज्ञ आणि नाक-कान-घसातज्ज्ञ, दोघांना दाखवा, आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवला का, ते विचारून घ्या.