दोरीवरून प्रवास

प्रश्न : ‘सन्स ऑफ द फॉरेस्ट’ या गेममध्ये डोंगरावरच्या तळापासून किनाऱ्यापर्यंत झिपलाइन (लटकून घसरत जाण्याची ताणलेली दोरी) बांधली, परंतु परतीचा प्रवास पायीच करावा लागतो. उपाय सुचवावा.
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : या गेममधली झिपलाइन गुरुत्वाकर्षणावर चालते, त्यामुळे वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे घसरता येते, आपल्याकडे अंजनेरीवरून उतरणे आणि चढणे जितके भिन्न, तितकाच हा फरक आहे. म्हणून परतीसाठी किनाऱ्यालगत उंच मनोरा उभारावा आणि त्याच्या माथ्यावरून, डोंगराच्या दिशेने, जिथवर उतार मिळेल तिथवर रोप गनने (दोरी डागणाऱ्या बंदुकीने) दुसरी दोरी बांधावी. उरलेली चढण चालावीच लागेल. माझ्या मते झिपलाइनचा खरा लाभ ओंडके खाली पाठवण्यात आहे, कारण ते वाहून नेण्यातच सर्वाधिक वेळ जातो.