टकलावरची खरखर आणि लाल दिवा

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे. वर्ण गोरा, टक्कल, आणि सगळी नोकरी बंदरावर उन्हात. टाळूवर चार-पाच खरखरीत चट्टे आहेत. एकाची बायॉप्सी केली, 'अ‍ॅक्टिनिक केराटोसिस' (वर्षानुवर्षांच्या उन्हाने कातडीवर येणारे खरखरीत चट्टे) निघालं. दादरचे डॉक्टर म्हणतात, मलम लावून लाल दिव्याखाली उपचार करू. त्यात काय करतात? आणि सनस्क्रीन लावून दुपारच्या लोकलने मुलुंडला परतलं तर चालेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दुपारी नको. मलमात १६ टक्के मिथाइल अमिनोलेव्ह्युलिनेट हे औषध असतं. बिघडलेल्या पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशाला हळवं द्रव्य बनवतात. त्यावर ६३० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा लाल प्रकाश पडला की ऑक्सिजनचं एक तापट रूप तयार होतं आणि त्या पेशी मरतात. दिवा बंद झाला तरी थोडं प्रोटोपॉर्फिरिन कातडीत उरतंच, आणि त्याला दिवा काय, गाडीच्या खिडकीतलं ऊन काय, सारखंच. नेहमीची सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, दिसणारा प्रकाश फारसा नाही. म्हणून संध्याकाळची वेळ मागा, अंधार पडल्यावर निघा आणि ४८ तास टाळूवर ऊन पडू देऊ नका. घरातले साधे दिवे चालतात. बाहेर पडावंच लागलं तर जाड कापडाची टोपी घाला, वर छत्री धरा.

उपचाराचा कस लागतो तो खपल्या काढताना. टाळूवरच्या खपल्या चिवट असतात. त्या क्युरेटने (खरवडायच्या छोट्या हत्याराने) हलक्या हाताने खरवडल्या नाहीत, तर मलम वरच्या वर राहतं आणि चट्टा जसाच्या तसा. मग मलमाचा साधारण १ मिलिमीटर जाड थर, चट्ट्याच्या कडेबाहेर ५ मिलिमीटरपर्यंत, वर हवाबंद पट्टी. ३ तासांनी मलम पुसून दिवा लावतात, डोळ्यांवर गॉगल. दिव्याप्रमाणे ७ ते १० मिनिटं.

ही मिनिटं झोंबतात, टाळूवर तर फारच. सुन्न करणाऱ्या मलमाने फारसा फरक पडत नाही. पंखा, गार पाण्याचा फवारा, मध्ये थोडं थांबणं, किंवा नस बधिर करणारं इंजेक्शन यांबद्दल आधीच बोलून घ्या. पुढे आठवडाभर लाली आणि खपली राहते. खपली ओढू नये.

मलम लावून, दिव्याऐवजी दिवसाच्या उजेडात दोन तास उघड्यावर बसवायचीही पद्धत आहे. दुखतं कमी, पण मुंबईच्या पावसात आणि मे महिन्याच्या घामात ती जमवणं कठीण.

शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची अ‍ॅलर्जी, पॉर्फिरिया (अंगात पॉर्फिरिन साठण्याचा आजार), डॉक्सिसायक्लिनसारखी उन्हाला हळवं करणारी गोळी यांपैकी काही असेल तर आधी सांगा. आणि हो, म्हातारपणी अंगावर चिकटवल्यासारखे दिसणारे काळपट डाग वेगळे. ते दाखवून हाच उपचार मागू नये.

चट्टे ३ महिन्यांनी पुन्हा तपासतात, उरलेल्यांवर दुसरी फेरी होते. पण एखादा जाड होऊ लागला, दुखला किंवा त्यातून रक्त आलं, तर तोवर थांबू नका. यातल्या थोड्यांचा पुढे कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे त्याची पुन्हा बायॉप्सी लागेल.