घोडीचा पासपोर्ट आहे ना? मग आधी तिचे भोवरे मोजा

ताई, तुम्ही मूळच्या नाशिकरोडच्या, घोडी इंग्लंडात, आणि उन्हाळ्यात सासूसासऱ्यांसकट तिला मोटरहोममधून फ्रान्सला न्यायचा बेत! तुमची ही पोस्ट बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. आम्ही आता गंगापूर रोडला कायमचे परत आलोय, पण तिकडे होतो तेव्हा लेकीच्या घोडीपायी हाच उपद्व्याप करून बसलोय. मागे घोडी, फळीच्या अलीकडे शेगडी आणि सिंक, ड्रायव्हरच्या डोक्यावर आमचं अंथरूण. रात्री तिनं पाय आपटला की अख्खं घर हलायचं.

चिप, रक्ततपासणी, एक्स्पोर्ट हेल्थ सर्टिफिकेट, कस्टमचा कार्ने (घोडी तात्पुरती बाहेर नेण्याचा कागद), घोडे तपासण्याची सोय असलेलं बंदर, हे सगळं तुमचा व्हेट (जनावरांचा डॉक्टर) किंवा एजंट सांगेलच. त्यात मी पडत नाही. (मी व्हेट नाही, एजंट नाही. ब्रेक्झिटनंतरचे पण आमच्या वेळचे नियम सांगतोय, आजचे तुम्ही सरकारी साइटवर बघा.)

तुमचा प्रश्न असा की पासपोर्ट आहे, म्हणजे झालं ना? नाही झालं. पासपोर्ट घ्या आणि घोडीशेजारी जाऊन उभ्या राहा. आत घोड्याची रेखाकृती असते, डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड. पांढरे पट्टे लाल शाईनं काढतात, भोवऱ्यांच्या (अंगावर केस गोल फिरतात त्या) जागी काळ्या शाईची फुली. कागदावरची घोडी आणि खुंट्याची घोडी जुळली नाही तर व्हेट सर्टिफिकेटवर सही करत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

आमची अबलख. जुन्या मालकाकडून आलेल्या पासपोर्टात कपाळावर भोवरा एक. प्रत्यक्षात दोन, एकावर एक. हे पकडलं कोणी? आमच्या मामांनी, व्हिडिओ कॉलवर! नाशिकरोड स्टेशनला टांगा हाकलेला माणूस, सारंगखेड्याचा घोडेबाजार सहसा चुकवत नाही. "कपाळावरची आयाळ वर कर रे," म्हणाले, आणि लगेच, "दोन भोवरे? अशी घोडी आम्ही दारात उभी केली नसती. गळ्याला देवमण (शुभ भोवरा) तरी आहे का बघ!"

देवमण राहू द्या, इथून पुढे पासपोर्ट देणाऱ्या तिकडच्या कार्यालयाची कथा. नाव घेत नाही. पासपोर्टात दुरुस्ती करायची तर मूळ पासपोर्ट पोस्टानं पाठवायचा. आणि कायद्यानं पासपोर्टाशिवाय घोडा प्रवासाला काढायचा नाही. म्हणजे पासपोर्ट टपालात आणि घोडी तबेल्यात, शेजारच्या गावच्या शर्यतीलासुद्धा नेता येईना. फोन फक्त सकाळी घेणार, तोही संगीत ऐकवून झाल्यावर. एक बाई म्हणे व्हेटकडून आकृती काढून आणा, दुसरी म्हणे तशी गरजच नाही. व्हेटनं काढून दिली तर अर्ज परत, का? पांढरा पट्टा काळ्या शाईत आहे. लाल पेन घेऊन पुन्हा व्हेट, पुन्हा त्याची फी. तोवर फ्रान्सच्या फेरीबोटीची तारीख गेली, बुकिंगचे पैसेही गेले.

अखेर पासपोर्ट आला. भोवरे दोन, अगदी जागच्या जागी. पण घोडीचा खच्ची घोडा झाला होता! फोन केला तर उत्तर मिळालं की लिंगाच्या दुरुस्तीचा अर्ज वेगळा आणि शुल्कही वेगळं. आपल्याकडे तलाठ्याला शिव्या घालणाऱ्यांनी एकदा त्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा. तलाठी निदान समोर बसलेला असतो, त्याला चहा तरी पाजता येतो.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या), भोवरे जुळल्याशिवाय फेरी बुक करू नका. आणि फेरी प्रवासी खिडकीवर शोधूच नका. घोडा चढला की तुम्ही मालवाहतूक.

दुसरं वजन. इंग्लंडातल्या साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी. १९९७ च्या आधी लायसन्स काढलेले तिथले काकालोक साडेसात टनी बिनधास्त हाकतात, आपण भारतातून जाऊन नव्यानं परीक्षा दिलेले, आपल्याला ती मुभा नाही. आता बेरीज करा. घोडी ५००-६०० किलो, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, गवताच्या गासड्या, सासूसासरे आणि त्यांच्या बॅगांतली लोणच्याची बरणी. पिंपळगावच्या बाजारात कांद्याचा ट्रॅक्टर करतात तसं, आधी भरून काट्यावर चढवा, मग बोला.

पाण्यावरून आठवलं. परक्या गावचं पाणी घोडी हुंगते आणि तोंड फिरवते. निघायच्या आधीपासूनच घरच्या बादलीत थोडा सफरचंदाचा रस घालत जा, मग फ्रान्सचं पाणीही घरचं वाटतं. वाटेत डोकं खाली घालू द्या. तोंड वर बांधून तासन्‌तास उभी राहिली तर फुप्फुसाचं दुखणं लागतं. टोल फ्रान्समध्ये गाडीच्या उंचीवरही ठरतो, ३ मीटरच्या वर गेलात की भुर्दंड जास्त.

खाली कमेंटमध्ये कुणीतरी "सारंगखेड्याहूनच घोडा न्या" असं सुचवलंय. दादा, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) सुवर्ण जिंकलेल्या आपल्या संघाचे घोडेही युरोपातलेच होते, यावरून समजा.

राहिला सासूबाईंचा फ्रान्ससाठीचा शेंगेन व्हिसा. तो त्यांनी नाशिकहून निघायच्या आधी मुंबईला जाऊनच करावा, इंग्लंडात पाहुणे म्हणून आल्यावर तिथून सहसा अर्ज घेत नाहीत. आमच्याकडे आईचा व्हिसा घोडीच्या कागदांच्या कितीतरी आधी झाला. तिनं ते घोडीला ऐकवलंही.

आणि हो, पासपोर्टच्या त्या पानाचा फोटो इथे टाकू नका, चिपचा नंबर दिसतो. आकृती तपासायची असेल तर नंबर झाकून मेसेज करा, मामांना दाखवतो. फी घेत नाहीत, फक्त घोडी केवढ्याला घेतली ते विचारतील.