घराखालची ओल

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो. घर जुनं, खाली क्रॉलस्पेस, म्हणजे जमीन आणि घर यांच्यामधली रांगत जाण्याइतकी बुटकी पोकळी. जूनपासून घरात कुबट वास येतो, स्वयंपाकघरातली लाकडी जमीन किंचित फुगली आहे आणि खालच्या तुळयांवर पांढरट बुरशी दिसते. कंत्राटदार म्हणतो, औषध फवारून त्या पोकळीच्या झरोक्यांना पंखे बसवू. सासूबाईही म्हणतात, हवा खेळती हवी. त्यांना दमा आहे, म्हणून काळजी वाटते. पंखे बसवू का?

उत्तर : नाही ताई, पंखे बसवू नका.

सासूबाईंचं म्हणणं आपल्या गावच्या, एसी नसलेल्या घराला लागू पडतं. तुमच्या घराखाली मात्र एसीचे थंडगार डक्ट, म्हणजे हवेचे पाइप, आहेत. जुलैत तुमच्याकडच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) कितीतरी वेळा २१-२२ अंश सेल्सिअसच्या वर असतो. ती हवा झरोक्यातून आत आली आणि त्याहून गार डक्टला लागली, की तिथे पाणी सुटतं. पंखा लावलात तर असं पाणी दिवसभर आत ओढत राहाल. तुमच्याच राज्यात, प्रिन्सव्हिलमध्ये, ‘अॅडव्हान्स्ड एनर्जी’ या संस्थेने सारख्या बांधणीच्या १२ घरांवर हे तपासलं आहे. झरोके बंद केलेल्या घरांखाली उन्हाळ्यात कोरडं राहिलं, शिवाय एसी-हीटिंगचा खर्चही कमी झाला.

पण लगेच झरोके बुजवायला धावू नका. आधी पाऊस. जोराची सर येईल तेव्हा छत्री घेऊन घराभोवती फिरा आणि पन्हळीचं पाणी कुठे पडतं ते बघा. ते पायाशी पडत असेल तर पुढचा सगळा खर्च वाया जाईल. जमिनीला घरापासून पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार हवा. भिंतीलगत मल्चचा (झाडांभोवती पसरतात त्या लाकडाच्या सालीचा) ढीग असेल तर तो मागे ओढा. मग खाली उतरून एसीच्या पाण्याची नळी आणि कपडे वाळवायच्या ड्रायरचा पाइप बघा. मी तपासणीला जातो तेव्हा आधी हेच दोन बघतो. ड्रायरची वाफ घराखाली सुटत असेल तर बुरशीचं कारण तिथेच सापडेल.

हे झालं की जमिनीवर किमान ६ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक अंथरा. माझी पसंती १२ मिलला, कारण पातळ प्लास्टिक गुडघ्याखाली फाटतं. सांधे एकमेकांवर घेऊन टेप लावा. प्लास्टिक भिंतीवरही चढवा, पण वाळवीची तपासणी करता यावी म्हणून वर ३ इंच पट्टी उघडी ठेवा. मग झरोके बंद आणि डीह्युमिडिफायर सुरू. आर्द्रता ५०-५५ टक्क्यांवर ठेवा. खाली घर गरम करणारी गॅसची भट्टी किंवा वॉटर हीटर असेल तर झरोके बंद करण्याआधी तंत्रज्ञाला दाखवाच. त्याला ज्वलनासाठी हवा लागते, इथे हयगय नको.

स्वयंपाकघरातली जमीन आत्ता उखडू नका. लाकूड वाळलं की पुष्कळदा ती आपोआप बसते.

आता सासूबाईंचा दमा. नुसतं फवारून भागत नाही, मेलेली बुरशीही त्रास देते. ती हेपा व्हॅक्यूमने (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी असलेल्या) ओढून, घासून काढावी लागते. हे काम माहीतगाराकडून करून घ्या आणि त्या दिवशी त्यांना दुसरीकडे राहू द्या. त्याहीआधी रिटर्न डक्टचे, म्हणजे घरातली हवा परत एसीकडे नेणाऱ्या पाइपचे, सांधे मॅस्टिकने (सांधे बुजवायच्या लेपाने) बंद करून घ्या. ते गळके असतील तर घराखालची हवा थेट त्यांच्या खोलीत येते. हे काम याच आठवड्यात करा, प्लास्टिक पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल.