तीन आठवड्यांत पाऊण किलोच उतरलं, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: वय ३४, उंची ५ फूट २ इंच, सुरुवातीला वजन ६२ किलो. नणंदेच्या मुलीचं लग्न सहा आठवड्यांवर आलंय आणि तोवर ५८ वर यायचंय. रोज सकाळी चाळीस मिनिटं चालणं, रात्रीच्या दोन्ही पोळ्या बंद. पहिल्या आठवड्यात सव्वा किलो उतरलं, मग त्यातलं अर्धा किलो परत आलं आणि काटा हलेना. रविवारी सगळे सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलात आणि सोमवारी सकाळी आठशे ग्रॅम वाढलेले, तेही आता उतरले, पण एकूण हिशेब पाऊण किलोवरच अडलाय. घाम यावा म्हणून कमरेला पट्टा बांधू का, आणि ब्लाउजचं माप आत्ता द्यावं की थांबावं, हेही विचारलंय.

तुमचं काही चुकत नाहीये. मी इंदूरमध्येच आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, लग्नसराईत तुमच्यासारख्या बायका रडवेल्या होऊन येतात आणि त्यातल्या बहुतेकींचं अगदी व्यवस्थित चाललेलं असतं. म्हणून हिशेब सविस्तर मांडते.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. तुमच्या वयाच्या आणि बांध्याच्या, घरकाम व थोडंफार चालणं असलेल्या बाईला दिवसाला १७५० च्या आसपास कॅलरी लागतात. रात्रीच्या तूप लावलेल्या दोन पोळ्या म्हणजे दोनशे. चाळीस मिनिटांचं चालणं, तीन किलोमीटर धरा, सव्वाशे-दीडशे. रोजची तूट झाली सव्वातीनशे ते साडेतीनशे. तीन आठवड्यांचे जमतात सात हजार, म्हणजे नऊशे ग्रॅम चरबी. काटा साडेसातशे दाखवतोय. पोळीच्या आणि पावलांच्या अंदाजावर केलेला हिशेब याहून जवळ येत नाही.

मग पहिल्या आठवड्यातला सव्वा किलो कुठला? त्यातलं बरंचसं पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा उतरतो आणि पाणी सोबत घेऊन जातो. काटा भराभर खाली येतो, आपण त्याच वेगाने पुढचे आठवडे मोजून ठेवतो, आणि निराशा तिथूनच सुरू होते. पहिल्या आठवड्याचा आकडा मी हिशेबात धरूच देत नाही.

सोमवारचे आठशे ग्रॅमही तसेच. तेवढी चरबी एका रात्रीत चढायची तर गरजेपेक्षा सहा हजार कॅलरी जास्त खायला हव्यात. तळलेला गराडू कंद, भुट्ट्याचा म्हणजे मक्याचा कीस, वर जलेबी असं सगळं खाल्लं तरी माणूस तिथवर पोचत नाही. जिरावण मसाल्यातलं आणि तळणावरचं मीठ पाणी धरून ठेवतं, शिवाय रात्री उशिरा खाल्लेलं अजून पोटातच असतं. दोन-तीन दिवसांत ते आपोआप उतरतं, तुमचंही उतरलंच. पाळीच्या आधीच्या दिवसांतही असंच पाणी साठतं, कुणाला अर्धा किलो, कुणाला त्याहून जास्त. वजन दिवसागणिक किलोभर वरखाली होणं ही निरोगी शरीराची रीत आहे आणि तुमची खरी घट आठवड्याला अडीचशे ते तीनशे ग्रॅमची. ती रोजच्या चढउतारात दिसणारच नाही. म्हणून रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी काढा. सरासरीची तुलना सरासरीशी करा, आणि पाळीच्या आठवड्याची मागच्या पाळीच्या आठवड्याशी.

आता लग्नापर्यंतचं सांगते. आज ६१.२५ आहात. असंच चालू ठेवलंत तर आणखी दीड ते दोन किलो जातील, म्हणजे साडेएकोणसाठच्या आसपास. ५८ ला पोचायला साधारण तीन-चार महिने लागतील, कारण शरीर हलकं होतं तसा त्याचा खर्चही कमी होतो आणि तीच तूट हळूहळू लहान होत जाते. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचं गणित मांडलं. खाण्यात कायमचा बदल केला की त्यातून होणाऱ्या एकूण घटीपैकी निम्मी व्हायला सुमारे एक वर्ष लागतं. मला हा आकडा फार धीर देणारा वाटतो, कारण रात्रीच्या पोळ्यांचा तुमचा साधा बदल लग्नानंतरही काम करत राहणार आहे.

सहा आठवड्यांतच ५८ हवं म्हटलं तर रोज सहाशेची तूट लागेल. रोजचं चालणं धरूनही दिवसभर तेराशेच्या आत कॅलरीत भागवायचं, तेही केळवणं चालू असताना! कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. उपाशी राहून झटपट उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात. आणि असं केल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तेव्हा बाई शांपू बदलत बसते, खरं कारण तिच्या लक्षातही येत नाही.

पट्टा बांधू नका. जळलेली चरबी घामावाटे फारशी जात नाही. दहा किलो चरबी जळली तर सुमारे ८.४ किलो श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. पट्ट्याने जातं ते नुसतं पाणी, दोन पेले प्यायलात की परत येतं.

करण्यासारख्या दोनच गोष्टी सुचवते. सकाळचे पोहे सोडू नका. आपल्याकडचे पोहे वाफेवर गरम राहतात, तेल बेताचं असतं. वरची सेव मात्र बघा. पहिली चिमूट ठीक, पण खाता खाता पोहे फिके लागले म्हणून वरून जी दुसरी मूठ पडते ती दीडशे कॅलरीची, म्हणजे तुमचं सकाळचं सगळं चालणं. आणि रात्री पोळी नाही तर वरण घट्ट घ्या, सोबत वाटीभर दही किंवा पनीर. प्रथिनं मिळाली तर स्नायू टिकतात आणि अकरा वाजता फराळाचा डबा उघडावासा वाटत नाही.

एवढं करूनही सहा आठवड्यांत सरासरी जराही हलली नाही, किंवा सोबत थकवा, पाळीत गडबड असेल, तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइडची तपासणी करून घ्या.

ब्लाउजचं माप आजचंच द्या. किलोमागे कंबर साधारण सेंटिमीटरभर कमी होते, छातीत त्याहून कमी फरक पडतो. दोन किलोंसाठी शिलाई अडवून ठेवण्यात अर्थ नाही, लग्नाच्या तोंडावर कोणताच टेलर वेळेवर देत नाही. आत दोन्ही बाजूंना माया ठेवायला सांगा आणि लग्नाच्या आठवडाभर आधी घालून बघा. सैल झाला तर एक टीप मारून घेता येते.