शेवंती हिरवीगार, पण कळी नाही? आधी रात्रीचा दिवा बघा

तुम्ही लिहिलंय की शेवंती डेरेदार झाली आहे, पानं गर्द हिरवी आहेत, कीड नाही, आणि थंडी पडून महिना होत आला तरी कळीचा पत्ता नाही. त्याच झाडाच्या फांद्या शेजाऱ्यांकडे लावल्या, त्या मात्र फुलांनी लगडल्या आहेत. मग जाता जाता एक वाक्य टाकलंय, की फाटकाशी रात्रभर चालणारा नवा दिवा आल्यापासून संध्याकाळी बागेत बसायला छान वाटतं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात आहे. मी यातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खत, पाणी, माती यांवर मी बोलत नाही. पानं अशी आहेत म्हणजे तुम्हाला ते सगळं जमतंय. तुम्हाला आलेल्या उत्तरांत 'फुलांसाठीचं खत घाला' असं बऱ्याच जणांनी सांगितलंय. कृपा करून आत्ता काही घालू नका. उपाशी नसलेल्या झाडाला खत घालून कळी येत नाही.

शेवंतीला थंडीपेक्षा रात्र लांब झाल्याचं कळावं लागतं. दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरतं, हे गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये मांडलं. पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या तणावर प्रयोग करून दाखवलं की खरी मोजणी अंधाराची असते. दिवसा मध्येच थोडा वेळ अंधार केला तर झाडाला काही फरक पडत नाही, पण लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ उजेड पाडला की फुलणं थांबतं. फुलशेती करणारे हेच मुद्दाम करतात. शेवंती नको तेव्हा फुलू नये म्हणून रात्री साधारण 10 ते 2 या वेळात तिच्यावर दिवे लावतात. त्यासाठी लागणारा उजेड 100 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास, म्हणजे दिवसाच्या उन्हापुढे काहीच नाही. कळी लांबवायला याहून कमी उजेडही पुरतो, आणि तुमचा दिवा तर रात्रभर चालू आहे.

माझ्याकडे हे लक्षात आलं ते एकाच झाडावरून. कोपऱ्यातल्या मोठ्या शेवंतीची भिंतीआडची बाजू बारीक हिरव्या कळ्यांनी भरली होती, आणि रस्त्याकडची बाजू नुसती पालेदार. एकच बुंधा, एकच माती, एकच पाणी. रात्री बाहेर येऊन पाहिलं तर भिंतीची सावली झाडावर जिथे संपत होती, तिथेच कळ्याही संपत होत्या.

दिवा रस्त्याचा होता, माझा नव्हता. म्हणून संबंधित कार्यालयात रीतसर अर्ज दिला: दिव्याला घराच्या बाजूने एक पत्र्याची आड लावा, रस्त्यावरचा उजेड कमी करायला मी सांगत नाही. त्यांच्याकडे तक्रारीचा प्रकार एकच होता, 'दिवा बंद'. माझा अर्ज त्याच खान्यात गेला. माणूस आला, त्याने वर पाहिलं, दिवा चालू होता, आणि 'दिवा सुरू आहे, तक्रार निकाली' असा शेरा पडला. पुन्हा गेले, पुन्हा तोच शेरा. तिथल्या एका साहेबांनी विचारलं, "उजेड जास्त झाला अशी तक्रार कोण करतं?" मी करते, आणि करायलाच हवी. रस्त्यासाठी लावलेला उजेड कुणाच्या अंगणात, कुणाच्या खिडकीत, कुणाच्या झाडावर पडतोय, हे बघणं दिवा लावणाऱ्याचं काम आहे. शेवटी आधीच्यापेक्षा प्रखर पांढरा दिवा बसवून गेले, कारण नोंदीनुसार त्या खांबाविषयी 'वारंवार तक्रारी' होत्या! त्या वर्षीची सगळी शेवंती तशीच उभी राहिली. मनाला लागलं ते फुलांपेक्षा हे, की कुणीही एकदासुद्धा बागेत येऊन झाड पाहिलं नाही.

तुमच्या बाबतीत बरं आहे, दिवा तुमच्या ताब्यात आहे. तो सरळ बंद करा. सुरक्षेसाठी हवाच असेल तर माणूस आल्यावर लागणारा आणि लगेच विझणारा दिवा बसवा, आणि त्याचं तोंड खाली, पायवाटेकडे ठेवा. एक मात्र करू नका. 'मंद लाल दिवा चालेल' असं कुणीतरी सुचवलंय, ते उलटं आहे. झाडातलं जे द्रव्य रात्र ओळखतं, ते फायटोक्रोम, लाल उजेडालाच सगळ्यात जास्त दाद देतं. आपल्या डोळ्याला मंद आणि शांत वाटणारा लाल दिवा शेवंतीसाठी सगळ्यात वाईट.

दिवा हलवता येत नसेल तर झाड हलवा. कुंडी असेल तर हे सोपं, भिंतीआड नेली की झालं. जमिनीतल्या झाडावर संध्याकाळी जाड काळं कापड घालायचं आणि सकाळी काढायचं, असा रोज चौदा तास सलग अंधार द्यायचा. कापड झाडाला टेकू देऊ नका, चार काठ्या रोवून त्यावर टाका. प्लास्टिक नको, आत दमटपणा साठून पानांवर भुरी येते. ऊन असताना झाकू नका, कारण कापडाखाली झाड तापलं तर कळी आणखी लांबते. मधल्या रात्री चुकवू नका. कळ्यांना रंग दिसू लागला की मग झाकायची गरज नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगते, म्हणजे नंतर निराशा नको. आज अंधार दिला म्हणून पुढच्या आठवड्यात फूल येणार नाही. लांब रात्री सुरू झाल्यापासून फुलायला जातीनुसार 6 ते 15 आठवडे लागतात. तुमची जात लवकर येणारी असेल तर हिवाळा सरता सरता फुलेल. उशिराची असेल तर हा हंगाम गेला असं धरा, आणि तिथे कडक गारठा पडत असेल तर कळ्या धरलेली कुंडी रात्री आत घ्या, मात्र अंधाऱ्या खोलीत. आणि शेंडे खुडणं आत्ता पूर्ण बंद. रात्री वाढू लागल्यावर खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे खुडलेली कळी.

तुमच्या पॉइनसेटियाची पानं लाल होत नाहीत, त्याचंही बहुतेक कारण हेच. लाल दिसतात ती पानंच, फुलं म्हणजे मधले पिवळसर बारीक दाणे. त्यालाही रोज चौदा तासांचा अखंड अंधार आठ-दहा आठवडे लागतो. बैठकीत ठेवलं असेल तर रात्रीचा घरातला दिवासुद्धा पुरतो बिघडवायला. कलांचोचंही तसंच. ख्रिसमस कॅक्टस जरा निराळा आहे, रात्री 10 ते 13 अंश सेल्सिअसपर्यंत गारवा मिळाला तर उजेड असूनही तो कळ्या धरतो, म्हणून त्याला न तापवलेल्या खोलीतली खिडकी द्या.

आणि फाटकाजवळची जागा रिकामी ठेवू नका. पिटुनिया, पॅन्झी, कॅलेंडुला, स्नॅपड्रॅगन यांना रात्रीच्या उजेडाची अडचण नाही, पिटुनिया आणि स्नॅपड्रॅगन तर त्याने थोडे लवकरच फुलतात. माझ्याकडे त्या खांबाखाली आता हीच झाडं असतात. थंडीच्या सकाळी पॅन्झीच्या पाकळीवर दव असतं आणि मधले काळे मखमली डाग ओले होऊन आणखी गडद दिसतात, ते बघायला मी चहा घेऊन तिथेच उभी राहते. सुकलेली फुलं देठासकट खुडत चला, नाहीतर बी धरतात आणि बहर आटोपता घेतात. शेवंतीला कळ्या येतील तेव्हा शेंड्यावर मावा येतो का ते रोज बघा, पाण्याच्या बारीक फवाऱ्यानेसुद्धा बराच निघून जातो, फक्त सकाळी मारा.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, बाग करते एवढंच. झाड न बघता मी सांगतेय, तेव्हा आधी खात्री करा. रात्री सगळे घरातले दिवे मालवून शेवंतीपाशी उभे राहा आणि हातात वर्तमानपत्र धरा. अक्षरं सहज वाचता आली तर उजेड नक्कीच जास्त आहे. झाडाच्या जागेवरून दिव्याकडे तोंड करून एक फोटो काढा आणि इथे टाका, म्हणजे आड कुठल्या बाजूने घालायची ते सांगता येईल.