आजीची रास खरी की मोबाईलची?

टोरांटोच्या एका ताईंनी विचारलंय, लेकरू 5 ऑगस्टचं, मोबाईल म्हणतो सिंह अन बुलढाण्याकडच्या गावातून आजी म्हणते वृषभ, आता घरात रोज फोनवर हाच वाद.

ताई, वाद घालू नका, दोघंही बरोबर आहेत. मोबाईल सूर्याची रास सांगतो, आजी चंद्राची. त्यात पाश्चात्त्य गणित अन आपलं गणित यात साधारण 24 अंशांचा फरक, म्हणून आपल्या पंचांगात त्या दिवशी सूर्यसुद्धा सिंहेत नाही, कर्केतच असतो.

पण आजीला वेळ कोणती कळवली ते आधी बघा. बरेच जण भारतातली वेळ काढून देतात, मग गावातले जोशीबुवा गावचंच ठिकाण धरून पत्रिका मांडतात अन पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, चुकतं, कारण ते दर दोनेक तासांनी बदलतं. चंद्राची रास मात्र तीच राहते. तिथली वेळ, तिथलं शहर, अन ऑगस्टात तुमचं घड्याळ एक तास पुढं असतं हे तिन्ही सांगा.

लेकरू मोठं होऊन विचारेल हे आलं कुठून, तर "आपल्या ऋषींनी शोधलं" एवढ्यावर भागवू नका बाप्पा. बारा राशी बॅबिलोनच्या, म्हणजे आजच्या इराकातल्या. तिथं आधी आकाश बघून राजाचं अन पिकापाण्याचं सांगत, एकेका माणसाची पत्रिका मागून आली, सगळ्यात जुनी सापडलेली इसवी सनपूर्व 410 ची. आपल्या वेदांग ज्योतिष या जुन्या ग्रंथात यज्ञाची वेळ काढायला तिथी अन नक्षत्रं आहेत, राशी नाहीतच. होरा, केंद्र हे पत्रिकेतले शब्दही ग्रीकांकडून आले, अन आपला जुना ज्योतिषी वराहमिहिर, त्यानं तर लिहूनच ठेवलंय की यवन, म्हणजे ग्रीक, या शास्त्रात पारंगत म्हणून ऋषींसारखे पूज्य.

पिकापाण्याचं ते जुनं वळण आपल्याकडं अजून आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, गोलाकार 18 धान्यं, मधल्या खड्ड्यात चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, वर पाण्याची घागर, अन पहाटे जाऊन बघतात कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा सरकला. मी काही त्यावर पेरणी करणार नाही, पण गर्दी बघण्यासारखी असते.

आजीचं ज्योतिषही बरंचसं असंच, रोहिणी बरसली का, मृग कोरडा गेला का. पुढच्या जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर तिला बांधावरचा लाल मखमली मृगाचा किडा तळहातावर घेऊन दाखवायला सांगा, लेकरू मोबाईल सोडणार नाही बघा.